माय महानुभाव, पोरं देवादिकांची: तेरवी कोणाच्या रीतीनं करायची?

आपल्या अमरावतीकडच्या खेड्यात हे लय घरी होते, मायनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला, म्हणजे ती पंथात आलेली, पोरगं पंढरीचा वारकरी, सून माहूरच्या रेणुकेला मानणारी, आणि माय गेली की दारात मंडप पडायच्या आधी भावाभावात वाद सुरू.

घरच्या रीतीनं केलं तर सगळं ठरलेलं असते. नदीवर दहावा, मुंडन, पिंड, मग तेरवीची पंगत. सोयरे नावं ठेवत नाहीत, कोणाला काही विचारा लागत नाही, आणि दुःखात डोकं चालत नसते तेव्हा हा मोठा आधार असते, ते मी कमी नाही मानत. पण जिनं उपदेशानंतर पंचकृष्णाशिवाय, म्हणजे पंथ मानते त्या पाच अवतारांशिवाय, कोणापुढं हात जोडला नाही, गावच्या मरीमायचा प्रसादही घेतला नाही, तिच्याच नावानं पिंड ठेवायचा? मले तरी हे पटत नाही.

पंथाच्या रीतीनं करायचं तर अडचण पहिल्याच दिवशी येते. महानुभावात पुरायची रीत आहे, बाकी भाऊबंदाले अग्नी पाहिजे, आणि पार्थिव दारात असताना हे ठरत नाही, म्हणून माय हिंडती-फिरती असतानाच विचारून ठेवा. पंथाचं तीर्थ असलेल्या रिद्धपूरले नाहीतर जवळच्या आश्रमात फोन केला तर काय करायचं ते नीट सांगतात. मोठे काका रुसतील, पिंडाले कावळा शिवला का म्हणून विचारतील, तेवढं सहन करा लागते.

बौद्ध माणसाच्या बाबतीत तर वादच नको. 1956 साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्येच श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही असं स्पष्ट आहे, ज्यानं ती घेतली त्यानं स्वतःच सांगून ठेवलं. भंतेजींना बोलवा, त्रिशरण-पंचशील, पुण्यानुमोदन करा.

दोन्ही थोडं थोडं करू म्हणणारे पुष्कळ. माझ्या मते ते एकाच अटीवर जमते: विधी गेलेल्याचा, पंगत घरच्यांची. जेवणाले सारा गाव बोलवा, भजनी मंडळ येऊ द्या, पण मायनं जे जन्मभर नाकारलं ते तिच्या नावानं करू नका, आणि तेरवी झाल्यावर कुठंकुठं मटण शिजते तेही त्या घरी नको.

तिनं काही सांगितलंच नसेल तर मोठ्या भावापेक्षा बहिणीले विचारा, नाहीतर तिच्यासंग रिद्धपूरले जाणाऱ्या बायांना, त्यांना बहुतेक वेळा माहीत असते.