सॅक पाठीवर, पायात ट्रेल रनिंग शूज: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

सह्याद्रीत दोन-तीन मुक्कामांचा रेंज ट्रेक, म्हणजे एका किल्ल्याहून दुसऱ्याकडे डोंगररांगेतून चालत जाणं, करायचा असेल तर बूट उतारावर पारखावा. दुकानातल्या फरशीवर सगळेच छान वाटतात, चढावरही बहुतेक निभावून नेतात. पाठीवर दहा-बारा किलोंची सॅक, भरून आलेल्या मांड्या आणि समोर घाटमाथ्यावरून थेट कोकणात उतरणारी नाळ (डोंगराच्या घळीतली अरुंद, उभी वाट), तिथे बुटाचा कस लागतो. गेल्या पावसाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत वेगवेगळ्या बांधणीचे ट्रेल रनिंगचे तीन जोड मी आलटूनपालटून वापरले, ते अशाच वाटांवर: पन्हाळा ते पावनखिंड, राजगड-तोरणा करून सिंगापूर नाळेने रायगडाकडे आणि रतनगडाहून कात्राबाई खिंडीतून हरिश्चंद्रगड. पळण्यासाठी एकही वापरला नाही. पळणाऱ्यांसाठी बनवलेला हलका बूट ओझं घेऊन दिवसभर चालणाऱ्याला पुरतो का, एवढंच मला बघायचं होतं. पुरतो. पण कुठलाही नाही.

माझ्या जोडांच्या कंपन्या मुद्दाम लिहीत नाही. या बुटांची नवी आवृत्ती वर्षा-दोन वर्षांनी येते, आणि मॉडेलचं नाव तेच राहिलं तरी आतली रुंदी, रबर, जाळी काहीही बदललेलं असू शकतं. बांधणी ओळखता आली तर दुकानात समोर येईल तो बूट हातात घेऊन तुम्हालाच ठरवता येईल.

याआधी बरीच वर्षं मी घोट्याच्या वर येणारे चामडी बूट वापरत होते. जोडी सव्वा किलोच्या वर, आणि पावसात भिजली की त्याहून जड. दिवसभरात पाऊल हजारो वेळा उचलावं लागतं, त्यामुळे पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त दमवतं. हे वाचून माहीत होतं, पण कात्राबाई खिंड चढून कुमशेतकडे उतरल्यावरही पाय ताजे राहिले तेव्हा खरं पटलं. आताचे तिन्ही जोड सहाशे-साडेसहाशे ग्रॅमच्या आसपासचे आहेत.

घोट्याला आधार नको का, हा प्रश्न सगळे विचारतात. माझा अनुभव असा, की उंच कॉलर पाय मुरगळणं थांबवत नाही, पाय टेकवण्यातला निष्काळजीपणा मात्र वाढवते. कमी उंचीच्या बुटात तळपायाला खालचा दगड कळतो आणि पाऊल आपोआप सावध पडतं. अमेरिकेतल्या एमा गेटवुड या आजींनी १९५५ साली वयाच्या ६७व्या वर्षी तीन हजार किलोमीटरांहून लांब ॲपलाचियन ट्रेल एकटीने चालून पूर्ण केला, तो कॅनव्हासच्या साध्या बुटांवर. त्यांच्या खांद्यावर मात्र घरी शिवलेली एक पिशवीच होती. हलक्या बुटांचं सगळं गणित त्या पिशवीत आहे. सॅक पंधरा किलोंच्या पुढे गेली, दोर आणि तंबू दोन्ही तुमच्याच पाठीवर आले, तर मऊ बूट तळव्यातून पिळवटतो आणि पाय आतल्या आत सरकत राहतो. ओझं कमी करायची तयारी नसेल तर हे बूट घेऊ नयेत.

आता एकेका जोडाबद्दल.

पहिला चिखलासाठीचा. तळाला पाच-सहा मिलिमीटरचे खोल, एकमेकांपासून लांब बसवलेले दात, टाच चवड्यापेक्षा दहा मिलिमीटर उंच, पंजाकडे निमुळता, आणि नाडीऐवजी ओढून घट्ट करायची दोरी. जुलैत पन्हाळ्याहून निघालं की मसाई पठारापर्यंत जांभा असतो. जांभा ओला झाला तरी खरखरीतच, तिथे कुठलाही बूट चालतो. खरी परीक्षा पठार उतरल्यावर सुरू होते: भातखाचरांचे बांध, गुरांनी तुडवलेल्या पायवाटा, पांढरेपाण्याच्या आधीचं रान. त्या लाल चिखलात या जोडाने जी साथ दिली तिला तोड नाही. दात एकमेकांपासून लांब असल्यामुळे चिखल मध्ये अडकून राहत नाही, दोन पावलांत झडून जातो. बाकीचे लोक काठीवर भार देत एकेक पाऊल टाकत होते तिथे मी सरळ चालत गेले.

हाच जोड ओढ्यातल्या बेसॉल्टवर नकोसा होतो. गुळगुळीत ओल्या धोंड्याला दातांची फक्त टोकं टेकतात, म्हणजे धरून ठेवायला रबरच कमी. शिवाय टाच उंच असल्यामुळे लांब उतारावर पाय पुढे घसरतो आणि निमुळत्या पंजात बोटं चेपतात. पन्हाळ्याच्या वाटेवर हे जाणवलं नाही. सिंगापूर नाळेत हा बूट घालून उतरायचं धाडस मी करणार नाही.

दुसरा जाड तळव्याचा. टाचेखाली तीस मिलिमीटरच्या वर फोम, त्याखाली चिकट रबर, दात मध्यम. पहिल्या दिवशी याच्या प्रेमात पडायला होतं. डांबरी रस्ता, कच्चा गाडीरस्ता, धारेवरची मळलेली वाट यांवर गुडघ्यांना जो आराम मिळतो तो बाकी दोघांत नाही. गुडघे दुखण्याचा त्रास असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या ट्रेकमधल्या एका काकूंनी हाच प्रकार घेतला आणि त्या खूश आहेत. मला अडचण आली ती आडवी मारताना. राजगडाची संजीवनी माची उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाताना वाट काही ठिकाणी डोंगराच्या कुशीतून तिरकी जाते, एका बाजूला कारवी आणि दुसऱ्या बाजूला दरी. तिथे पाऊल तिरकं टेकलं की उंच फोम एका अंगाला दबतो आणि अख्खा पाय बाहेरच्या बाजूला कलतो. सॅकचं वजन त्याच दिशेने ओढतं. माझा घोटा तिथे वळला, थोडक्यात निभावलं. काही महिन्यांनी फोम बाहेरच्या कडेला जास्त दबला आणि हे कलणं आणखी वाढलं. सपाट आणि लांब चालीसाठी हा बूट उत्तम, आडव्या वाटांसाठी मी तो बाद केला.

तिसरा सपाट, रुंद पंजाचा. टाच आणि चवडा एकाच उंचीवर, तळवा पंचवीस मिलिमीटरच्या आसपास, बोटांकडे बुटाचा आकार पायासारखाच पसरट. सिंगापूर नाळ मी यावर उतरले. वरचा मुरमाड घसारा, मग मोठमोठे धोंडे, मग कोकणातली तापलेली पायवाट. एवढ्या उतारात बोटं बुटाच्या टोकाला एकदाही आपटली नाहीत. आधीच्या बुटांत माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडायची, ती या जोडात शाबूत राहिली. दिवसाच्या शेवटी पाय सुजतात, त्या सुजेला इथे जागा असते. ज्यांचं लहानपण चपलांत आणि अनवाणी गेलं त्यांच्यापैकी पुष्कळांचे पंजे पसरट असतात. त्यांनी हा आकार एकदा तरी घालून बघावा.

किंमत मोजावी लागते ती पोटऱ्यांना. टाच खाली आली की पोटरी आणि टाचेमागची शीर रोज जास्त ताणली जाते. सुरुवातीला मी हा जोड फक्त बाजारात, टेकडीवर घालून फिरले, मग एक दिवसाच्या ट्रेकला नेला आणि त्यानंतर मुक्कामाच्या ट्रेकला. जवळजवळ दोन महिने लागले. हा वेळ द्यायचा नसेल तर चार-पाच मिलिमीटर उंच टाचेचे रुंद बूट मिळतात, ते बघा. दुसरी उणीव अशी, की तळवा पातळ असल्यामुळे पाचनईकडून हरिश्चंद्रगड चढताना अणकुचीदार दगड पायाला कळतात. दुसऱ्या संध्याकाळी देवळापाशी पोचले तेव्हा तळवे हुळहुळत होते.

तिघांतला मोठा फरक बाहेरून दिसत नाही, तो रबरात आहे. मऊ रबर ओल्या कातळाला चिकटतं आणि लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं आणि ओल्या कातळावर घसरतं. पर्वतात तळव्याचं महत्त्व युरोपातल्या लोकांनी फार मोठी किंमत देऊन ओळखलं. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये विताले ब्रामानी यांचे सहा सोबती वादळात अडकून दगावले. त्यांच्या पायांत कातळावर चढायचे पातळ बूट होते. त्या घटनेनंतर ब्रामानींनी कातळ, बर्फ आणि पायवाट या सगळ्यांवर चालेल असा खोल नक्षीचा रबरी तळवा करायचं मनावर घेतलं, १९३७ साली तो आला, आणि आज कित्येक बुटांच्या तळाला दिसणारा विब्रमचा पिवळा अष्टकोन त्याच कारखान्याचा. त्यातही मेगाग्रिप हे रबर ओल्या दगडासाठी बनवलेलं आहे. माझ्या जाड तळव्याच्या जोडाला तेच होतं, आणि ओढे ओलांडताना फरक स्पष्ट कळायचा. शेवाळलेल्या बेसॉल्टवर मात्र कुठलंही रबर धरत नाही. तिथे बसून उतरणं किंवा बाजूच्या मातीत पाय रोवणं हाच मार्ग.

वॉटरप्रूफ बूट पावसाळ्यात घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. आपला पाऊस गुडघ्याएवढ्या ओढ्यांचा आहे. पाणी वरून घोट्यातून आत शिरतं आणि ज्या पडद्याने ते बाहेर थांबायला हवं होतं तोच पडदा ते आत कोंडून ठेवतो. जाळीचा बूट शंभरेक पावलांत पाणी पिळून टाकतो. पाय ओले राहणारच, त्यामुळे निघताना तळव्याला व्हॅसलीन आणि झोपण्यासाठी सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे लोकरी मोजे, एवढं पाळलं की फोड येत नाहीत. मुक्कामी बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे. चुलीजवळ वाळवायचे नाहीत. उष्णतेने डिंक सुटतो आणि फोम आकसतो.

जाळीचा तोटा पावसाळा संपल्यावर कळतो. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं जाळीतून आत घुसतात, मोज्यात अडकतात आणि दिवसभर टोचत राहतात. विरळ जाळीच्या जोडात हा छळ असह्य होतो, दाट विणीच्या जाळीत बराच कमी. घोट्यावर घालायचे कापडी गेटर शिवून घेतले, त्याने घसाऱ्यातले खडेही थांबले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी गेटरशिवाय निघत नाही.

टिकाऊपणाबद्दल खोटी आशा ठेवू नये. पळण्याच्या बुटांचं आयुष्य साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर धरतात. बेसॉल्टवर, ओझ्यासकट, त्या आकड्याची खालची बाजूच खरी माना. माझ्या एका जोडाची चवड्याकडची कड पहिल्याच पावसाळ्यात उकलली. गावातल्या चांभारकाकांकडून तळव्याची कड सगळीकडून जाड दोऱ्याने शिवून घेतली, तेव्हापासून हलली नाही. जाळीचा बूट तसाही पाणी आत घेतोच, त्यामुळे शिलाईच्या भोकांनी काही बिघडत नाही. आता नवा जोड आणला की आधीच शिवून घेते. ट्रेकला फेविक्विक, सुई आणि मेणाचा दोरा सोबत असतो.

बायकांसाठी एक वेगळी सूचना. लेडीज मॉडेल बहुधा अरुंद साच्यावर बनतं, रंग बदलून तोच बूट असतो असं समजू नका. मी पुरुषांच्या विभागातला सहा नंबर घेते आणि तो मला लेडीज मॉडेलपेक्षा कितीतरी चांगला बसतो. दुकानात संध्याकाळी जा, ट्रेकचे मोजे घालून जा, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा, आणि दुकानात उतरती फळी किंवा जिना असेल तर त्यावरून जोरात खाली या. बोटं टोकाला लागली तर तो नंबर नको. सगळ्यात वरच्या, घोट्याजवळच्या जादा भोकांतून नाडीचा फास करून टाच बांधली की उतारावर पाय पुढे सरकत नाही. नाडीच्या बहुतेक बुटांना ही भोकं असतात, पण बहुतेकांच्या नाड्या तिथपर्यंत पोचलेल्या दिसत नाहीत.

परदेशी कंपन्यांचे जोड दहा-पंधरा हजारांच्या घरात जातात. वर्षातून दोन-तीन किल्ले करणाऱ्याने एवढे पैसे घालायची काहीच गरज नाही. ॲक्शनच्या ट्रेकिंग शूजवर आपल्याकडे कित्येकांनी उभा-आडवा सह्याद्री पालथा घातला आहे, आणि ते या किमतीच्या एका अंशात येतात. डेकॅथलॉनमधले ट्रेल रनिंग शूजही मधल्या किमतीत मिळतात. सलग मुक्कामांचे ट्रेक वारंवार होत असतील तरच महाग जोडाचा विचार करा. शून्य ड्रॉपसाठी, म्हणजे टाच आणि चवडा एकाच उंचीवर हवे असतील तर, आल्ट्रा, जाड तळव्यासाठी होका, रुंद पंजा आणि थोडी उंच टाच दोन्ही हवं असेल तर टोपो, अशी सुरुवात करता येईल.

एकच जोड ठेवायचा असेल तर मी सपाट, रुंद पंजाचाच ठेवेन. तळाला दात चार मिलिमीटरच्या आसपास आणि रबर मऊ बघून घेईन. येत्या पावसाळ्यात पन्हाळ्याला मात्र चिखलाचाच जोड जाईल, त्याचे दात अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. जाड तळव्याचा जोड बहिणीला दिला. ती आळंदी ते पंढरपूर वारी चालते, आणि त्या डांबरी रस्त्यावर तो तिला फार मानवला आहे.