‘हे बापा, क्षमा कर’: कोव्हेंट्रीच्या सात ओळी, वापरणाऱ्यांच्या नजरेतून

कुठेतरी युद्ध पेटते, दंगल उसळते, आणि शनिवारी रात्री पाळकांना फोन जातो: “उद्या शांतीसाठी प्रार्थना ठेवू या, काही तयार छापील आहे का?” तयार मजकूर पुष्कळ आहेत. त्यांतला सगळ्यांत छोटा, आणि वापरताना सगळ्यांत जास्त बिघडवला जाणारा, म्हणजे इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री कॅथीड्रलची समेटाची लिटनी, म्हणजे ओळ-प्रतिसादाची प्रार्थना. परीक्षण तिचेच, कारण वरून अगदी सोपी दिसते आणि चालवायला बसले की हातातून निसटते.

आहे काय त्यात? सुरुवातीला रोमकरांस ३:२३, सर्वांनी पाप केले आहे हे वचन. मग सात ओळी. प्रत्येक ओळ चालक म्हणतो आणि मंडळी एकच प्रतिसाद देते: हे बापा, क्षमा कर. शेवटी इफिसकरांस ४:३२, एकमेकांशी कनवाळूपणे वागा आणि एकमेकांना क्षमा करा. संपले. सलग वाचली तर दीड मिनिट. कॅथीड्रलचे एक पाळक, कॅनन जोसेफ पूल, यांनी ती १९५८ मध्ये लिहिली. कॅथीड्रलमध्ये ती आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी बाराला म्हणतात आणि शुक्रवारी जुन्या इमारतीच्या भग्नावशेषांत, उघड्या आभाळाखाली.

ते अवशेष १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीचे. जर्मन बॉम्बफेकीत शहरात साडेपाचशेहून अधिक माणसे गेली आणि सेंट मायकल्स कॅथीड्रलचे छप्पर जळून खाली आले. उभ्या राहिल्या बाहेरच्या भिंती आणि शिखरासकट मनोरा. जळालेल्या दोन तुळया क्रुसासारख्या एकमेकींवर पडलेल्या पाथरवट जॉक फोर्ब्स यांना दिसल्या, त्यांनी त्या तशाच बांधून उभ्या केल्या. आर्थर वेल्स या पाळकांनी छपराच्या मध्ययुगीन खिळ्यांपैकी तीन घेऊन छोटा क्रूस केला. प्रोव्होस्ट, म्हणजे कॅथीड्रलचे प्रमुख पाळक, रिचर्ड हॉवर्ड यांनी वेदीमागच्या भिंतीवर इंग्रजीत दोनच शब्द कोरून घेतले, ‘फादर फर्गिव्ह’, आणि लिटनीचा प्रतिसाद तिथूनच आला आहे.

त्या दोन शब्दांत एक शब्द मुद्दाम गाळलेला आहे. लूक २३:३४ मध्ये येशू म्हणतो, “हे बापा, त्यांना क्षमा कर.” हॉवर्डांनी ‘त्यांना’ ठेवला नाही. ‘त्यांना’ म्हटले की म्हणणारा आपोआप निर्दोषांच्या बाकावर जाऊन बसतो. बॉम्ब ज्यांच्या डोक्यावर पडले त्यांनी हा शब्द सोडला, हीच या प्रार्थनेची सगळी किंमत. आणि मराठीत वापरताना पहिली चूक बरोबर इथेच होते.

आपल्या तोंडात प्रभूची प्रार्थना बसलेली असते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून बाकांवरून “आम्हांला क्षमा कर” ऐकू यायला लागते. छापताना कोणी चांगल्या मनाने ‘आम्हांला’ घालूनही टाकतो. नका घालू. ‘त्यांना’ जसा जागा अडवतो तसाच ‘आम्हांला’ही अडवतो. मराठीत “क्षमा कर” एवढेच म्हटले तर वाक्य लंगडे होत नाही. जागा रिकामी राहते, आणि तिथे आम्ही, ते, आमचे बापजादे असे सगळे मावतात. सुरू करण्यापूर्वी प्रतिसाद एकदा मंडळीकडून म्हणवून घ्या आणि “चारच शब्द, मध्ये काही घालायचे नाही” असे सांगा. त्याहून जास्त प्रस्तावना लागत नाही.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. इंग्रजीत पापाचे नाव आधी येते आणि त्याचे वर्णन मागून. ते ओळीबरहुकूम उतरवले की “जो द्वेष राष्ट्राला राष्ट्रापासून तोडतो, त्याबद्दल” असे काहीतरी होते, आणि ‘त्याबद्दल’वर हवा निघून जाते. मराठीची मूळ चाल इथे इंग्रजीपेक्षा सरस आहे. “राष्ट्राला राष्ट्रापासून, वंशाला वंशापासून, वर्गाला वर्गापासून तोडणारा द्वेष” म्हणा: पापाचे नाव शेवटी पडते आणि लगेच त्याला लागून “हे बापा, क्षमा कर.” सातही ओळी अशा नामावर संपवता येतात: द्वेष, जे आपले नाही ते बळकावण्याची हाव, माणसांच्या हातांचे श्रम लुबाडणारा आणि पृथ्वी उजाड करणारा लोभ, मग हेवा, बेपर्वाई, वासना, गर्व. मंडळीला हातातला कागद न पाहताही कळते की आता आपली पाळी. प्रतिसाद विस्कळीत येत असेल तर दोष मंडळीचा नसतो, बहुतेक वेळा भाषांतरात ओळ क्रियापदावर संपलेली असते.

‘हाव’ आणि ‘लोभ’ एकच नव्हेत, दोन्हींना ‘लोभ’ छापू नका. पहिली दुसऱ्याची जमीन बळकावते, दुसरा मजुराच्या घामावर जगतो. ‘वर्ग’ हा शब्द मात्र आपल्याकडे पुस्तकी वाटतो. महाराष्ट्रातली मंडळी ही ओळ म्हणणार असेल तर “जातीला जातीपासून” जोडावे असे आमचे स्पष्ट मत आहे. मूळ मजकुराची ती मोडतोड होते हे खरे, पण जातीवाचून ती ओळ इथे कुणाला टोचतच नाही.

चौथ्या आणि पाचव्या ओळीकडे नीट पाहा. पहिल्या तीन ओळी जगातल्या पापांच्या आहेत, द्वेष, हाव, लोभ. चौथीत एकदम ‘आमचा’ येतो: दुसऱ्याच्या सुखसमाधानाचा आमचा हेवा. पाचवीत ‘आमची’: कैदी, बेघर, निर्वासित यांच्या हालांविषयी आमची बेपर्वाई. सहावी-सातवी पुन्हा सर्वांची. म्हणजे ऐन मध्यावर आरसा धरला आहे. चालकाने हा ‘आमचा’ गिळू नये, ओरडूही नये, फक्त त्याच्या आधी श्वास घ्यावा. एका सुरात सातही ओळी ओढल्या की ही कलाटणी कुणाच्याच लक्षात येत नाही.

सहावी ओळ, स्त्री-पुरुष-मुलांच्या शरीरांची विटंबना करणाऱ्या वासनेची, रविवारशाळेची मुले बसलेली असतात म्हणून काही ठिकाणी हळूच वगळतात. अशांत प्रदेशांसाठी म्हणताना वगळू नये अशी एखादी ओळ असेल तर हीच. युद्धात बलात्कार हे हत्यार म्हणून वापरले जाते आणि बाकी सहा ओळींत त्याला जागा नाही.

आता प्रत्यक्ष चालवण्याविषयी. आवाज एकच ठेवा. सात ओळी सात जणांना वाटल्या की माइक हातोहात फिरण्यातच दोन मिनिटे जातात आणि प्रत्येक जण आपल्या ओळीला नाट्यछटा करतो. शांतता प्रतिसादानंतर ठेवा, आधी नको. आधी ठेवली तर कधी बोलायचे हे कळत नाही आणि पुढच्या बाकावरचे उतावीळ आवाज घुसतात. प्रतिसादानंतर मनात सावकाश दहा मोजा, मग पुढची ओळ. सात वेळा दहा सेकंद म्हणजे एक मिनिट दहा सेकंद, एकूण तीन मिनिटांच्या आत. तीन मिनिटे फार कमी वाटतात म्हणून मध्ये पेटीवर सूर धरण्याचा मोह होतो. तो आवरावा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे भजन घ्यायचे तर शेवटच्या वचनानंतर घ्या. तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादापाशी आवाज खाली येतो, तो आपोआप येतो, “मोठ्याने म्हणा” असे सांगून तो वर ओढायचा नाही.

कागद ए-५ आकाराचा, एकाच बाजूला छापलेला, प्रतिसाद ठळक. ज्येष्ठांसाठी अक्षर १८ पॉइंट. उघड्यावर म्हणणार असाल तर २५० जीएसएमचा जाड कागद घ्या, साधा कागद वाऱ्यावर इतका फडफडतो की शांततेत तेवढेच ऐकू येते.

सगळ्यांत मोठा घोटाळा होतो तो नावांचा. लिटनीत एकाही देशाचे नाव नाही, म्हणून कोणीतरी प्रत्येक ओळीला एकेक देश चिकटवतो: द्वेषाला अमुक, हावेला तमुक. झाले, पापांगीकाराचे आरोपपत्र झाले. नावे घ्यायची असतील तर सुरुवातीच्या वचनाआधी, एकदाच, आणि दोन्ही बाजूंची. मणिपूरचेच घ्या. ३ मे २०२३ पासूनच्या हिंसेत कुकी मंडळ्यांची प्रार्थनामंदिरे जळाली, तशी इंफाळ खोऱ्यातल्या मैतेई ख्रिस्ती मंडळ्यांचीही जाळली गेली. ज्या प्रार्थनेत दुसऱ्यांचा उल्लेखच येत नाही ती अर्धवट माहितीवर उभी असते, आणि मंडळीत एखादा मैतेई ख्रिस्ती विद्यार्थी बसला असेल तर त्याला ते पहिल्या वाक्यात कळते.

आता तक्रार. ही लिटनी क्षमेपाशी सुरू होते आणि क्षमेपाशीच संपते. न्याय हा शब्द त्यात कुठे नाही. कोव्हेंट्रीने उभ्या केलेल्या खिळ्यांच्या क्रुसाच्या सहसमुदायाची, म्हणजे जगभरातल्या सदस्य ठिकाणांच्या जाळ्याची, तीन उद्दिष्टे आहेत: इतिहासाच्या जखमा भरून काढणे, वेगळेपणासकट एकत्र राहायला शिकणे, आणि न्याय व शांतीची संस्कृती घडवणे. तिसऱ्याचा मागमूस या सात ओळींत नाही. ज्याचे घर गेल्या आठवड्यात जाळले त्याच्या तोंडी पहिल्याच दमात “क्षमा कर” देणे ही क्रूरता होऊ शकते. हॉवर्ड ते बोलू शकले कारण राख त्यांच्याच चर्चची होती. मुंबईत पंख्याखाली बसून दुसऱ्याच्या राखेवर ते शब्द उच्चारणे वेगळे. म्हणून अन्याय सोसलेले कोणी हजर असतील तर आधी स्तोत्र १३ वाचा. सहाच वचनांचे आहे आणि ‘कोठवर’ हा प्रश्न देवाला थेट विचारते. त्यानंतर लिटनी, आणि मग मध्यस्थीची प्रार्थना, पण मोघम नको: शस्त्रसंधी, मदतीचे रस्ते खुले होणे, कोठडीतल्यांची सुटका, निष्पक्ष चौकशी, अशी नावे घेऊन. या दुरुस्तीसकट आम्ही पाचपैकी चार तारे देऊ. दुरुस्तीशिवाय तीन, आणि तेही मराठी ऐकायला इतकी चांगली लागते म्हणून.

पर्याय म्हणून दोन नावे निघतात. मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन आपल्याकडच्या महिला मंडळांना पाठ आहे: दरवर्षी एका देशाच्या स्त्रिया पूर्ण उपासना लिहितात. तिथे माणसांच्या हकीकती असतात, न्याय असतो, देश डोळ्यांपुढे उभा राहतो. पण तासाभराचा कार्यक्रम, अनेक वाचक, आठवड्यांची तयारी. शिवाय मजकूर खूप आधी लिहिला जातो. २०२४ चा क्रम पॅलेस्टाईनच्या स्त्रियांचा होता आणि ऑक्टोबर २०२३ च्या युद्धापूर्वीच तयार झाला होता. युद्धानंतर जर्मन समितीने त्याचे मुखचित्र मागे घेतले आणि क्रम सुधारून काढला, त्यावर मोठा वाद झाला. कोव्हेंट्रीच्या ओळी अशा शिळ्या होत नाहीत, हा नाव न घेण्याचा फायदा.

दुसरे, तेव्हाच्या साम्यवादी पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमधले सोमवारचे संध्याकाळी पाचचे शांतिप्रार्थन, १९८२ पासूनचे. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी त्यानंतर सुमारे सत्तर हजार लोक मेणबत्त्या घेऊन राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि गोळी सुटली नाही. मेणबत्तीला दोन हात लागतात, एक धरायला, एक वाऱ्यापासून जपायला, मग दगड उचलायला हात उरत नाही. तिथे ठरलेला मजकूर नाही, त्या त्या आठवड्याला गट आपली तयारी करून येतात. ज्या मंडळीत तेवढी धग आणि तेवढी माणसे आहेत त्यांनी तेच करावे. शनिवारी रात्री फोन करणाऱ्यांसाठी ते नाही.

खिळ्यांच्या क्रुसाबद्दल थोडेसे: तो विकत घेऊन सहसमुदायाचे सदस्य होता येत नाही. जगभरातल्या दोनशेहून अधिक ठिकाणी तो रीतसर सुपूर्द केलेला आहे, ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शे आणि बर्लिनच्या कैसर विल्हेल्म स्मृतिचर्चमध्येसुद्धा. लिटनी म्हणायला मात्र सदस्यत्व लागत नाही, क्रूसही लागत नाही.

कोव्हेंट्रीबरोबर एकाच वेळी म्हणायची हौस असेल तर घड्याळ सांभाळा. तिथले बारा म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, त्यामुळे पुढच्या शुक्रवारच्या कार्डावर वेळ छापण्याआधी तारीख पाहून घ्या.