श्विन टायफून, १९६६: दोन उन्हाळे चालवल्यावर

ओहायोत डेटनजवळच्या एका जुन्या सायकलींच्या बाजारातून ही सायकल मी ९० डॉलरला आणली, त्याला आता दोन उन्हाळे झाले. तेव्हापासून बर्फाचे महिने सोडले तर जवळजवळ रोज चालवली, सुटी करून पुन्हा जोडली, आणि एका संध्याकाळी तिच्यापायी रडकुंडीलाही आले. ओहायोतले आमचे मराठी मित्र हल्ली विचारतात, 'जुनी अमेरिकन सायकल घ्यायचीय, पहिली कोणती घेऊ?' माझं उत्तर एकच असतं: साठच्या दशकातली, शिकागोत बनलेली श्विन कंपनीची टायफून. का, ते सांगते. फसायच्या जागाही सांगते, कारण दोन ठिकाणी मी स्वतः फसले आहे.

बाजारात गेलात की नजर आधी ब्लॅक फँटमवर जाणार. श्विनने ती १९४९ मध्ये काढली. मधल्या दांड्यांत शोभेची टाकी, टाकीत हॉर्न, पुढच्या चिमट्याला स्प्रिंग, आणि जिथे तिथे क्रोम. ती सुंदर आहेच. पण जिच्यावर ओरखडा पडायच्या भीतीने रस्त्यावर काढवत नाही, अशी सायकल घरात ठेवून मी काय करू? टायफूनला यातलं काहीच नाही. एक गिअर, एक ब्रेक, दोन जाडसर टायर, रुंद हँडल. माझीचा रंग तांब्याचा आहे. चेनकव्हरवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली, तेव्हा चिंच लावून घासलेल्या लोट्यासारखी ती खालून उजळत आली. मी तिथेच घेतली असती, पण चिठ्ठीवर लिहिलं होतं '१९५५, १४० डॉलर'.

माझा बारा वर्षांचा मुलगा बरोबर होता. मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो, तिथे डाव्या बाजूला फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो. साठच्या दशकातल्या श्विनचा नंबर तिथेच शोधायचा. १९७० पासून तो पुढे, हँडलखालच्या नळीवर गेला. मुलाने बोटाने ग्रीस खरवडलं आणि म्हणाला, "आई, डी आणि बी आहे. पुढे पाच आकडे."

१९६५ पासून श्विनच्या नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं आणि दुसरं वर्षाचं. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं मोजत जायचं, फक्त आय हे अक्षर वगळायचं, म्हणजे सप्टेंबरला जे येतो. वर्षांचंही तसंच: ए म्हणजे १९६५, बी म्हणजे १९६६. डीबी म्हणजे एप्रिल १९६६. विक्रेत्याला हे दाखवलं. म्हातारा प्रामाणिक होता. त्याने स्वतःचा चष्मा लावून अक्षरं वाचली, म्हणाला, "मला ज्याने दिली त्याने पंचावन्न सांगितलं होतं," आणि चिठ्ठी फाडून ९० वर आला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हा नंबर फ्रेमच्या त्या तुकड्यावर छाप मारल्याचा आहे, सायकल जोडून झाल्याचा नाही. मध्ये काही आठवडे गेलेले असू शकतात. शिवाय साठ वर्षांत चाकं बदलतात, सीट बदलते, हँडल बदलतं. म्हणून मी नट-बोल्टांची डोकी पाहते. श्विनच्या बोल्टांवर 'एएस' अशी अक्षरं असतात, म्हणजे अर्नोल्ड, श्विन. १८९५ मध्ये इग्नाझ श्विन आणि अडॉल्फ अर्नोल्ड यांनी शिकागोत कंपनी काढली, तिचं ते नाव. सीटखालचा, हँडलचा, मडगार्डचा बोल्ट पाहायचा. माझ्या सायकलीवर सीटखालचा सोडून सगळे 'एएस' निघाले, आणि सीट नंतर बदलली आहे हे मला तिथल्या तिथे कळलं.

फ्रेमही हाताने चाचपून पाहा. हँडलखालच्या नळीला दांडे जिथे मिळतात, तिथे टायफूनला ना सांध्याची टोपी, ना वेल्डिंगची वळी. वीज आणि दाब देऊन नळ्या एकजीव करायच्या आणि सांधा घासून गुळगुळीत करायचा, अशी श्विनची पद्धत होती. बोट फिरवलं तर नळी जणू झाडाच्या फांदीसारखी फुटलेली वाटते. स्टँडही वरून बोल्टने आवळलेला नाही. फ्रेमलाच झाळलेल्या आडव्या नळीत त्याची जाड स्प्रिंग बसवलेली आहे. पायाने मारला की 'खट्' असा भरीव आवाज येतो. साठ वर्षांनीही त्यात इतकासुद्धा ढिलेपणा नाही. या मजबुतीची किंमत वजनात मोजावी लागते. माझ्या काट्यावर सायकल ४३ पौंड भरली. तळघरातून रोज वर आणायची असेल तर आधी एकदा उचलून बघा.

आता टायर. सगळ्यांत जास्त मनस्ताप इथेच झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुने टायर तडकलेले होते. त्यांच्या कडेला लिहिलं होतं २६ बाय १ ३/४, अपूर्णांकात. मी शहरातल्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने २६ बाय १.७५ ची जोडी काढून दिली. 'हे तेच ना?' असं मी विचारलंही. 'पावणेदोन म्हणजे पावणेदोनच,' असं उत्तर मिळालं. गणितात ते खरं आहे. सायकलीत नाही. दशांशातला १.७५ चा टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. श्विनची टायफूनवाली रिम, जिला एस-७ म्हणतात, ती ५७१ मिलिमीटरची आहे. बारा मिलिमीटरचा फरक. टायरच्या कडेत तार असते, ती ताणली जात नाही. त्या संध्याकाळी मी दोन प्लॅस्टिकचे लिव्हर मोडले, नवी ट्यूब चिमटून फाडली, आणि अंगठ्याची साल गेली. चूक माझ्या हाताची आहे, असंच मला रात्री नऊपर्यंत वाटत होतं. दुकानाने टायर परत घेतले, पण ट्यूबचे पैसे दिले नाहीत, आणि फरक समजावून सांगितला तरी ऐकून घेतला नाही. याचा मला अजून राग आहे. ग्राहक विश्वासाने विचारतो, तेव्हा 'बघून सांगतो' एवढं म्हणायला काय हरकत होती?

तेव्हा नीट लिहून ठेवा: टायफूनला एस-७, २६ बाय १ ३/४, रिम ५७१. या मापाचे टायर अजूनही नवे बनतात. मागवताना ५७१ हा आकडा बघूनच मागवा. श्विनचा हा एकच घोळ नाही. तिच्या बारीक टायरच्या २६ बाय १ ३/८ सायकलींची रिम ५९७ ची, आणि तेच माप लिहिलेला इंग्लिश सायकलींचा टायर ५९० चा. जुन्या फुग्या टायरवाल्या, २६ बाय २.१२५, मात्र ५५९ च्याच, त्यांना आजचा टायर सरळ बसतो.

योग्य टायर आले तेव्हा दहा मिनिटांत दोन्ही हातानेच चढले.

क्रँक, म्हणजे पेडलं ज्याला लागतात तो भाग, उघडणं त्या मानाने सोपं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला फार समाधान देणारं काम आहे. पेडलांचे दोन्ही दांडे आणि मधला आस मिळून पोलादाचा एकच वाकवलेला तुकडा. आधी डावं पेडल काढायचं. त्याला उलटे आटे असतात, म्हणजे नेहमीच्या उलट फिरवायचं. मग डावीकडचा नट, त्यालाही उलटे आटे. मग खाचेचा वायसर, मग छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट, आणि अख्खी क्रँक तिरकी करत उजवीकडून बाहेर. आतलं ग्रीस वाळून तपकिरी मेण झालं होतं. ते केरोसीनमध्ये धुतल्यावर छर्रे आणि वाट्या आरशासारख्या निघाल्या; १९६६ चं ते पोलाद एका डागाशिवाय. नवं ग्रीस भरून जोडली आणि चाक न लावता क्रँक फिरवून सोडली, तर ती बराच वेळ आवाज न करता फिरतच राहिली. मुलगा जेवायला हाका मारत होता आणि मी पुन्हा पुन्हा फिरवून बघत होते. पेडल बदलायची असतील तर त्या जाडीच्या आट्यांचीच घ्या, अर्धा इंच; आजच्या बहुतेक पेडलांचे आटे नऊ-सोळांश इंचाचे असतात, ते बसणार नाहीत.

ब्रेकबद्दल मात्र सावध करते. हँडलवर ब्रेकची दांडी नाही. मागे पेडल मारलं की मागच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातला, शंकूसारखा भाग सरकतो, ब्रेकच्या पट्ट्या बाहेर ढकलतो आणि त्या हबच्या आतल्या भिंतीवर दाबल्या जातात. माझ्या सायकलीत बेंडिक्स कंपनीचा हब आहे आणि सपाट रस्त्यावर तो पुरेसा आहे. पावसात तर उघड्या रिम ब्रेकपेक्षा बरा, कारण सगळं आत असतं. पण हा सगळा ब्रेक चेनवर अवलंबून आहे. पहिल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या उतारावर चेन उतरली आणि पायाखालून ब्रेकच नाहीसा झाला. बाजूच्या गवतात सायकल घातली म्हणून निभावलं. चूक माझी होती. चेन मध्यभागी बोटाने दाबली तर अर्ध्या इंचाइतकी हलावी. माझी त्याच्या दुपटीने लोंबत होती. ब्रेकचा लोखंडी हात फ्रेमच्या दांड्याला पट्टीने घट्ट आवळलेला आहे का, तेही दर वेळी बघा. लांब उतारावर सतत ब्रेक धरला की हब तापतो आणि आतलं ग्रीस जळतं. डोंगराळ भागात राहत असाल तर ही सायकल घेऊ नका, हे स्पष्टच सांगते.

थांबायचीही सवय करावी लागते. पेडल मागे फिरवून जागेवर आणता येत नाही, म्हणून सिग्नलला थांबतानाच उजवं पेडल वर आणि जरा पुढे राहील असं थांबायचं. आठवडाभरात पायांना आपोआप कळतं.

आणि चालवताना? झेनियाहून यलो स्प्रिंग्जला जाणारा लिटल मायामी ट्रेल जुन्या रेल्वेमार्गावरून जातो, साधारण दहा मैल, झाडांच्या सावलीतून, फारसा चढ नसलेला. तिथे या सायकलीचं खरं रूप दिसतं. पाठ ताठ, हात रुंद, नजर रस्त्यावरून सुटून शेतांकडे जाते. एकदा वेग धरला की वजनच तिला पुढे नेतं. खड्ड्यांचा धक्का जाड टायर खातात. मला बाजूने कार्बनच्या सायकली झपाझप मागे टाकून जातात, आणि त्यातला एखादा हमखास मान वळवून म्हणतो, "माझ्याकडे लहानपणी हीच होती!" एका बाईंनी तर थांबून चेनकव्हरवरच्या 'टायफून' या अक्षरांवरून हात फिरवला. त्यांच्या भावाची लाल होती. दहा मिनिटं त्या भावाबद्दलच बोलत होत्या.

घ्यायच्या आधी शक्य असेल तर न्यू ब्रेमेनला जाऊन या, डेटनहून तासाभराच्या अंतरावर. शिकागोची मूळ कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली, श्विनचा जुना संग्रह विकला गेला, आणि त्यावर १९९७ मध्ये तिथे अमेरिकेच्या सायकलींचं संग्रहालय उभं राहिलं. मूळ रंग, मूळ पट्टे, मूळ सीट कशी असते ते एकदा डोळ्यांत साठवलं की बाजारात पुन्हा रंगवलेली सायकल लांबून ओळखू येते. दुकानात आज श्विन नावाने जी मिळते ती वेगळी वस्तू आहे; तिच्याबद्दल मी इथे बोलत नाही.

माझा खर्च: सायकल ९०, टायर-ट्यूब ७०, ग्रीस, छर्रे आणि चेन मिळून ३५. जुन्या सीटचे स्प्रिंग कुरकुरतात, त्यावर तेल घालून बघितलं, उपयोग झाला नाही. मडगार्डाची डावी कांब थोडी वाकडी आहे, ती मी सरळ करणार नाही. मागचा हब अजून उघडलेला नाही. पहिलं बर्फ पडलं की तळघरात वर्तमानपत्र अंथरून तो उघडायचा आहे, आणि मुलाने आतापासूनच छर्रे मोजायचं काम मागून घेतलं आहे.