बारा गावचं पाणी आणि एक गोधडी

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, एका घराच्या पुढच्या खोलीत दोघी जावा गोधड्या शिवून देतात. दारावर पाटी नाही, खिडकीच्या गजांना वाळत घातलेली एखादी वाकळ हीच खूण. नेरूळहून ठाणे लोकलने तीन फेऱ्या मारून मी त्यांच्याकडून बारा तुकड्यांची गोधडी शिवून घेतली. जुन्या जर्सींची गोधडी होते का, असं आत्तापर्यंत चार जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. होते, आणि चांगली होते. पण कापड ओळखणारा हात लागतो.

जर्सी फ्रेंच फुटबॉलपटू निकोलस अनेल्काच्या. म्हणजे तो ज्या ज्या क्लबांकडून खेळला त्यांच्या. माझे बाबा पाटबंधारे खात्यात होते, दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. दहावीपर्यंत माझ्या सहा शाळा झाल्या. दर जूनमध्ये नवा वर्ग, शेवटचा बाक आणि डबा कोणासोबत खायचा हा प्रश्न. १९९८ साली केबलवर लंडनच्या आर्सेनल क्लबचा एकोणीस वर्षांचा, फारसा न हसणारा हा मुलगा पाहिला. त्याच वर्षी आर्सेनलने इंग्लंडमधली लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, आणि कपच्या न्यूकॅसलविरुद्धच्या अंतिम सामन्यात दुसरा गोल त्याचा होता. पुढच्या वर्षी तो माद्रिदला गेला, आणि आमची बदली झाली. तेव्हापासून तो माझा.

फॅशन स्ट्रीटवरच्या नकली जर्सी, आतेभावाने लंडनहून आणलेली चेल्सीची अस्सल, त्याच्या ३९ नंबरची, डी. वाय. पाटील स्टेडियमबाहेर घेतलेली मुंबई सिटी क्लबची आकाशी. अशा नऊ जमल्या होत्या. कपाट आवरताना आईने त्या पुसायला काढायचं बोलून दाखवलं, आणि मी दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून कोपरखैरणं गाठलं.

थोरल्या मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता. त्यांनी सगळ्या जर्सी जमिनीवर पसरल्या आणि विचारलं, "ही समदी कापडं एकाच माणसाची?"

मी कागद वाचून दाखवला. पॅरिस सेंट-जर्मेन, आर्सेनल, रिआल माद्रिद, परत पॅरिस, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, तुर्कस्तानातलं फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी, चीनमधलं शांघाय शेनहुआ, इटलीतलं युव्हेंटस, वेस्ट ब्रॉम, आणि शेवटी आपली मुंबई. त्या बोटांवर मोजत होत्या. पॅरिस एकदाच धरून बारा झाले. "म्हंजी खरोखरच बारा गावचं पाणी प्यालाय की!"

तीन क्लबांच्या जर्सी माझ्याकडे नव्हत्या. बोल्टनसाठी बाबांचा ऑफिसचा पांढरा शर्ट दिला. शांघायसाठी माझ्या चौथ्या शाळेचा निळा पिनाफोर, आईने का कोण जाणे जपून ठेवलेला. वेस्ट ब्रॉमच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसाठी भावाचा नाइट पायजमा कापला. आज हे तिन्ही तुकडे मला बाकीच्यांपेक्षा जवळचे वाटतात.

मी सांगितलं होतं, सालाप्रमाणे ओळीने लावा. मावशींनी ऐकलं नाही. "माहेराला परत गेलाय न्हवं? मग त्ये मधी घ्यायचं." त्यांचं बरोबर होतं. अनेल्का पॅरिसजवळच्या त्राप गावात वाढला, पॅरिसच्याच क्लबात मोठा झाला, आणि २००० मध्ये तिथेच परतला. म्हणून पॅरिसचा लाल पट्ट्याचा गडद निळा तुकडा मधोमध, सगळ्यांत मोठा, आणि बाकीची गावं त्याच्याभोवती.

आता कामाबद्दल. जर्सीचं कापड पॉलिएस्टर, सुळसुळीत आणि ताणणारं. नुसतं जोडलं तर धुतल्यावर गोळा होतं. धाकट्या मावशींनी आधी प्रत्येक तुकडा जुन्या सुती कापडावर कच्चा टाचला, मग कडा दुमडून जोडला. पाठीला आमच्या आजीची दोन नऊवारी लुगडी, मध्ये एक विरलेली चादर. धावदोरा तांदळाच्या दाण्याएवढा, कडेकडेने सुरू होऊन आत आत येणारा. रबरी छपाईवर सुई चालवली की भोकं पडतात आणि आकडा तिथूनच तडकतो, हे त्यांनी पहिल्या जर्सीलाच ओळखलं. मग टाके आकड्याच्या काठाकाठाने फिरवले. त्यामुळे ३९ आता उठून दिसतो, फुगीर, हाताला लागणारा.

पण याच ३९ ला इजा झाली. जोडण्याआधी सुरकुती काढायला कोणीतरी गरम इस्त्री थेट फिरवली आणि नऊचं शेपूट वितळलं. माझ्याकडची एकमेव अस्सल जर्सी. मला खूप वाईट वाटलं आणि मी ते बोलून दाखवलं. थोरल्या मावशींनी शंभर रुपये कमी केले, ते मी घेतले नाहीत. या तुकड्याशी माझं वेगळं नातं आहे. मे २००८, मॉस्कोतला पाऊस, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. चेल्सीची शेवटची पेनल्टी अनेल्काने मारली आणि मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर फान देर सारने अडवली. त्या रात्री मी झोपले नाही. पुढच्याच हंगामात त्याने १९ गोल केले आणि प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट मिळवला. त्याच्या हट्टीपणाबद्दल, २०१० च्या विश्वचषकातून त्याला प्रशिक्षकाशी झालेल्या भांडणावरून घरी पाठवलं त्याबद्दल सगळे बोलतात. १९ गोलांची आठवण मलाच करून द्यावी लागते.

माद्रिदचंही तसंच. सराव नाकारला म्हणून क्लबने त्याला निलंबित केलं होतं, हे लोकांना पाठ. पण त्याच मोसमात, २००० च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत, जर्मनीच्या बायर्नविरुद्ध दोन्ही सामन्यांत त्याने गोल केले, आणि माद्रिदने अंतिम सामना पॅरिसलाच जिंकला. नव्या शाळेत वर्षभर कोणाशी न बोललेली पोर वार्षिक परीक्षेत पहिली यावी, तसं. मला ते नीट कळतं.

शेवटचा प्रश्न पायथ्याचा होता. "चिन्हं हायेत कापडावर, पाय कुठल्या बाजूला करणार?" मावशींनी विचारलं. मी मुंबई उशाशी घ्यायला सांगितली. नोव्हेंबर २०१४ मध्ये डी. वाय. पाटीलवर केरळविरुद्ध त्याने फ्री किकवर गोल केला, सामना १-० ने जिंकला, तेव्हा मी बाबांबरोबर स्टँडमध्ये होते. युरोप गाजवलेला माणूस माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर खेळत होता. पुढच्या वर्षी तो खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही होता. त्याच मैदानावर नॉर्थईस्टविरुद्ध मुंबईच्या सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, तीही आम्ही पाहिली. मुंबईसाठी अनेल्काचे स्वतःचे गोल मोजकेच, संघ दोन्ही वर्षं उपांत्य फेरीपर्यंत पोचला नाही. तरी उशाशी मुंबईच.

मजुरी २,४०० रुपये, एकेरी पलंगाच्या मापाला. इतक्या टाक्यांना हे कमीच आहेत, मी आणखी द्यायला हवे होते. चार आठवडे सांगितले, सात लागले. मध्ये गौरी-गणपतीला दोघी गावी गेल्या आणि फोन लागेना. घाईचं काम असेल तर भाद्रपद टाळा. गोधडी जड झाली आहे. नवी मुंबईत डिसेंबर-जानेवारीखेरीज अंगावर घेववत नाही, एरवी पलंगावर अंथरते. दोनदा धुतली, रंग गेला नाही, एकही टाका उसवला नाही.

सध्या ती बाबांकडे आहे. दुपारी अंगावर घेतात आणि बोल्टनच्या तुकड्याला अजून "माझा शर्ट" म्हणतात.

जाणार असाल तर जर्सी धुऊन, पूर्ण वाळवून न्या. पाठीसाठी सुती लुगडं किंवा साडी घरचीच द्या, विकतचं नवं कापड टाके धरत नाही असं दोघींचं म्हणणं आहे. आणि छापील आकड्यावर इस्त्री फिरवायची नाही, हे पिशवी देतानाच सांगा.