गेम घेताना गुण पाहावेत की खप?

सेल लागला की यादीतल्या पाचसात गेमांपैकी एकच घ्यायचा असतो आणि समोर दोन आकडे असतात. एक समीक्षकांचा, शंभरपैकी इतके गुण. दुसरा कंपनीने मिरवलेला, इतक्या लाख प्रती खपल्या. दोन्ही जुळले तर प्रश्नच मिटला. ‘जीटीए फाइव्ह’ला मेटाक्रिटिकवर (अनेक समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारं संकेतस्थळ) ९७ गुण आणि खप २० कोटींच्या पुढे, तिथे कोण वाद घालणार? पंचाईत होते ती दोन आकडे दोन दिशांना तोंड करून बसले की. मी दोघांच्याही भरवशावर गेम घेतलेत आणि दोघांकडून फसलोय. त्यामुळे पुढचं सगळं माझ्यापुरतं खरं, एवढं धरून वाचा.

आधी गुणांची उणी बाजू सांगून टाकतो, कारण ती मोठी आहे. आपल्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळतो. गेमांच्या परीक्षणात साठ म्हणजे पोरगं नापासच. सगळी गर्दी सत्तर ते नव्वदमध्ये, आणि त्या वीस गुणांच्या चिंचोळ्या जागेत एकेका गुणाला नको इतकी किंमत येते. २०१० चा ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ घ्या. बोनससाठी मेटाक्रिटिकवर ८५ हवे होते आणि मिळाले ८४, असं तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीच्या ख्रिस अव्हेलोन यांनीच नंतर सांगितलं. एका गुणाने बोनस हुकला. आज पंधरा वर्षांनीही लोक तो गेम उकरून काढून खेळतात. तो एक गुण नेमका कशाचा कापला गेला, कोण जाणे.

दुसरं, समीक्षक खेळतो ते यंत्र तुमचं नसतं. १० डिसेंबर २०२० ला ‘सायबरपंक २०७७’ आला, तेव्हा समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती. गुण नव्वदीच्या घरात गेले. मग लोकांनी तो सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, सुरू केला आणि बोंबाबोंब झाली. जेमतेम आठवड्याभराने सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढूनच टाकला.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग खपच बरा, पैसे मोजणारा माणूस खोटं कशाला बोलेल? बरोबर आहे. पण पैसे तो कधी मोजतो ते बघा. ‘सायबरपंक’च्या ८० लाख प्रती तो बाजारात येण्याआधीच विकल्या गेल्या होत्या. म्हणजे ज्यांनी एक बटणही दाबलं नव्हतं, त्यांचा हा कौल. २० डिसेंबरपर्यंत आकडा १ कोटी ३० लाखांवर गेला, तोही परत केलेल्या प्रती वगळून, आणि हे सगळं ती बोंबाबोंब चालू असताना. समीक्षक चुकले खरे, पण कन्सोलची आवृत्ती हातात आल्यावर त्यांनी तिला वेगळे गुण दिले आणि प्लेस्टेशन ४ चा आकडा साठीच्याही खाली गेला. खपाच्या आकड्याला अशी मान खाली घालता येत नाही.

माझा काटा जिथे कलला ती गोष्ट याहून बारीक आहे. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दुकानात खपाच्या यादीत पहिल्या नंबरावर असलेला एक गेम मी अडीच हजारांना घेतला. परीक्षणं मुद्दाम वाचली नाहीत, म्हटलं एवढे लोक काय वेडे आहेत? शनिवारी रात्री बसलो. सुरुवातीचा चित्रपट, मग संपवल्याशिवाय पुढेच जाऊ न देणारी शिकवणी, मग माझ्या लॅपटॉपवर चित्र अडखळत होतं म्हणून सावल्या कमी कर, गवत कमी कर, रेझोल्यूशन उतरव, पुन्हा सुरू कर. गेम असा मी पंधरा मिनिटं खेळलो असेन आणि तेवढ्यात कळलं की हा आपल्याला झेपणारा नाही आणि आवडणारा तर त्याहून नाही. परत करायला गेलो तर ती मुभा गेम दोन तास चालेपर्यंतच होती, आणि ती मर्यादा उलटून दहा मिनिटं झालेली. पैसे गेले ते गेले. पण महिन्याभराने त्या गेमने खपाचा नवा टप्पा ओलांडल्याची बातमी वाचली आणि अंगाची लाही झाली. त्या आकड्यात मी होतो! माझी नाराजी त्यांनी होकार म्हणून मोजली होती. तेव्हापासून ‘इतक्या लाख प्रती’ असं वाचलं की त्यातले माझ्यासारखे किती, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

उलट बाजूनेही खप दगा देतो. ‘टायटनफॉल २’ला नव्वदीच्या आसपास गुण होते. पण तो आणला २८ ऑक्टोबर २०१६ ला. आदल्याच आठवड्यात त्याच प्रकाशकाचा ‘बॅटलफील्ड १’ आला होता आणि पुढच्या आठवड्यात नवा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ येणार होता. हेही दोन्ही गोळीबाराचेच गेम, त्या दोघांच्या कचाट्यात बिचारा चेंगरला. यात गेमचा दोष शून्य, कॅलेंडरचा सगळा.

आणि आपल्या पिढीने तरी खपाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात? सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन ‘व्हाइस सिटी’ खेळलो, घरी मित्राने राइट करून दिलेल्या सीडीवर ‘आयजीआय’ आणि ‘रोड रॅश’. ज्या गेमांवर आपण वाढलो, त्यांच्या खपात आपला वाटा जवळपास नाहीच.

गुणांच्या बाजूने मी झुकतो त्याचं कारण खरं तर तो आकडा नाही, आकड्याखालचा मजकूर आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या गेम कंपनीचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. गुण बेताचे होते. मी परीक्षणं वाचली. चित्रांचं आणि संगीताचं कौतुक होतं, लढायांबद्दल कुरकुर होती, आणि गेम लवकर आटोपतो अशी तक्रार होती. नोकरी आणि घर सांभाळून खेळणाऱ्या माणसाला लवकर आटोपणारा गेम ही तक्रार वाटेल का? लगेच घेतला, चार रात्रींत संपवला. शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटला, पण पैसे वसूल झाले. खपाचा आकडा पाहिला असता तर मला यातलं काहीच कळलं नसतं. समीक्षकाशी निदान भांडता येतं.

भाचा मात्र माझं ऐकत नाही आणि त्याच्या जागी मीही ऐकलं नसतं. त्याला एकट्याने खेळायचंच नसतं. रात्री दहाला चार मित्र ऑनलाइन भेटले पाहिजेत, समोर शत्रू म्हणून आणखी चार हवेत. तिथे ९० गुणांचा ओसाड गेम घेऊन तो काय करणार? ‘अमंग अस’ २०१८ मध्ये आला तेव्हा फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गर्दी आली आणि त्या गर्दीमुळेच तो खेळण्यासारखा झाला. तर तुम्ही भाच्याच्या गटातले असाल तर खुशाल खप पाहा. फक्त विकत घेतल्यावर घड्याळ लावून बसा आणि पावणेदोन तासांचा गजर ठेवा.