एअर रायफलचा प्ले काढणारे घरगुती उपाय : पास कोण, नापास कोण

ओ-रिंग (रबरी कडी), टेफ्लॉन टेप, एम-सील, अ‍ॅरल्डाइट, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला पडू न देणारा डिंक) आणि पितळी शिम (पातळ पत्र्याची चकती). नळी मोडून भरायच्या एअर रायफलला प्ले, म्हणजे जोडांत ढिलेपणा, आला की हेच उपाय सुचवले जातात. यातले शेवटचे तीन कामाचे. पहिल्या तिघांवर पैसे घालवू नका.

ओ-रिंगची टूम आली एआर-१५ या अमेरिकन रायफलीकडून. त्या बंदुकीचे वरचा आणि खालचा असे दोन भाग दोन पिनांवर जोडलेले असतात. मध्ये रबर घातलं की खुळखुळ थांबते, पण नेमाला फारसा फरक पडत नाही, कारण नळी, गोळी आत ढकलणारा बोल्ट आणि दुर्बीण हे सगळं वरच्याच भागावर असतं. आपल्या ब्रेक-बॅरलचं, म्हणजे नळी मोडून भरायच्या रायफलीचं, गणित उलटं. दुर्बीण मागच्या नळकांड्यावर आणि नळी पुढच्या तुकड्यावर, म्हणजे सांध्यातला प्ले थेट गोळीत उतरतो. सांध्यापासून ४५० मिमीवर असलेलं नळीचं तोंड अर्धा मिमी हललं, तर १० मीटरवर गोळी सुमारे ११ मिमी सरकते. आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचा नेम थेट सहावर. इथं रबराचं काही चालत नाही. ते दबतं आणि दर वेळी वेगळं दबतं.

आधी प्ले कुठं आहे ते बघा. रायफल रिकामी, कॉक न केलेली (स्प्रिंग न दाबलेली). बट मांडीखाली दाबून नळी डावी-उजवीकडे हलवा, दुसऱ्या हाताचं बोट सांध्यावर ठेवा. आडवा प्ले असेल तर दोष पिव्हट बोल्टचा (ज्यावर नळी मोडते तो) किंवा त्याच्या दोन्ही अंगाच्या वॉशरचा. उभा प्ले असेल तर नळी अडकवणाऱ्या खटक्याची स्प्रिंग मेलेली असते. तिथं शिमचा उपयोग नाही, स्प्रिंगच बदलायची. सांधा घट्ट असून नुसती बटच हलत असेल, तर दोष स्टॉकच्या (लाकडी दस्त्याच्या) स्क्रूंचा.

आडव्या प्लेला पितळी शिमला तोड नाही. कारखान्यांच्या भागात (उद्यमनगरात) ०.०५ आणि ०.१ मिमीची पट्टी मागा, जुन्या वॉशरच्या मापाने गोल कापा, कडेची बर (खरखरीत धार) काढा आणि मॉली ग्रीसचा पुसट हात देऊन दोन्ही बाजूंना सारखी घाला. एकाच बाजूला घातली तर नळी एका अंगाला सरकते. बोल्ट एवढाच आवळा की कॉक केलेल्या रायफलच्या नळीवरची पकड सैल केली तरी ती तिथंच थांबेल, स्वतःच्या वजनानं पडणार नाही. ही तपासणी करताना नळीवरचा हात पूर्ण काढू नका आणि चापाला बोट लावू नका. नळी उघडी असताना चाप सुटला तर नळी वाकते, बोटंही जातात. काही स्वस्त रायफलींत बोल्टऐवजी साधी पिन असते. तिथं आवळायला काहीच नाही, शिम हाच एक मार्ग.

टेफ्लॉन टेप पिव्हटवर गुंडाळणारे महाभाग आहेत. चार-दोन वेळा नळी मोडली की तिचा चोथा होतो.

आता स्टॉक. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड मार्च-एप्रिलच्या उन्हात आकसतं आणि स्क्रू ढिले पडतात. त्यात स्प्रिंगवाली रायफल आधी मागं आणि लगेच पुढं असे दोन धक्के देते, त्यामुळं नुसतं आवळून भागत नाही. लॉकटाइट २४३ (हेच ते निळं थ्रेडलॉकर) चा एक थेंब पुरतो: थ्रेडवरचं तेल पुसा, थेंब लावा, अ‍ॅलन कीची आखूड बाजू दोन बोटांनी फिरवून आवळा आणि २४ तास हात लावू नका. हा डिंक धातू-धातूत, हवा बंद झाल्यावरच धरतो. लाकडात ओतून काही होत नाही. लाल थ्रेडलॉकरच्या वाटेला जाऊ नका, तो काढायला गरम करावं लागतं.

स्क्रू लाकडात रुतत असेल तर अ‍ॅल्युमिनिअमचे पिलर (स्क्रूभोवती बसणाऱ्या नळ्या) लागतात. एम६ स्क्रूला आतलं भोक ६.५ मिमी, बाहेरचा व्यास १० मिमी, लांबी तिथल्या लाकडाच्या जाडीइतकी. लांबी वाढली तर स्टॉक खुळखुळतो, कमी पडली तर पुन्हा लाकूडच दबतं. लेथवाल्याला हे नीट समजावून सांगा, नाहीतर तो डोळ्यानंच माप घेतो. पिलर बसवायला हळू सुकणारं अ‍ॅरल्डाइट, राळ आणि हार्डनर समसमान. पाच मिनिटांचं नको, पिलर सरळ करेपर्यंत ते घट्ट होतं. नळकांड्याला बुटाचं मेणपॉलिश चोळा, स्क्रूच्या भोकात मुलांची चिकणमाती भरा. नाहीतर रायफल आणि स्टॉक कायमचे एकजीव. एम-सील इथं फसतं, कारण ते वाहत नाही, पोकळ्या राहतात आणि धक्क्यांनी तडकतं.

सगळं झाल्यावर सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून एक गोळी झाडा. पट्टी उडाली तर ब्रीच सील (नळीच्या मागच्या तोंडाचं रबर) गळतंय. मात्र जाड सील कोंबू नका, नळी पूर्ण बंद होत नाही आणि काढलेला प्ले परत येतो.

स्पर्धेच्या पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलीला यातलं काहीही लावू नका. ती टॉर्क रेंच असलेल्या जाणकाराकडेच न्या.