सर्व्हरच्या टूलचं वर्णन: एका ओळीत की परिच्छेदभर?

सर्व्हरच्या हार्डवेअरची चौकशी करणाऱ्या एआय एजंटसाठी टूल, म्हणजे त्याला बोलवता येणारं छोटं फंक्शन, लिहायला बसलं की कोड लवकर होतो. बीएमसी म्हणजे सर्व्हरवर स्वतंत्रपणे नजर ठेवणारी, त्याच्या आतलीच चिप; तिच्याशी बोलायची पद्धत रेडफिश असो की जुनं आयपीएमआय, माहिती आणणं आता अवघड राहिलेलं नाही. अडतं ते वर्णनाशी. एजंटला तुमचा कोड दिसत नाही; टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर एवढ्यावरच त्याला ठरवायचं असतं. तिथे एक ओळ लिहावी की अख्खा परिच्छेद? मी दोन्ही करून पाहिलंय.

सुरुवात अर्थातच एका ओळीने केली, आणि त्या पद्धतीची बाजू कमकुवत नाही. टूलची वर्णनं एजंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे तो एका वेळी वाचू शकतो त्या मर्यादित मजकुरात, कायमची बसतात. तीस टूल आणि प्रत्येकाला परिच्छेद म्हटलं तर मूळ प्रश्नाआधीच बरीच जागा जाते. शिवाय फर्मवेअर बदललं की लांब वर्णन शिळं होतं, आणि शिळं वर्णन हे वर्णन नसण्यापेक्षा वाईट. सर्व्हर चालू आहे की बंद, एवढंच सांगणाऱ्या टूलला मी आजही एकच ओळ ठेवतो.

माझं मत फिरलं ते मेमरीच्या टूलमुळे. वर्णन होतं, ‘दिलेल्या सर्व्हरमधल्या मेमरी मॉड्यूलची स्थिती देते.’ वाचायला स्वच्छ, चुकीचंही नाही. सर्व्हरमधले निम्मे स्लॉट रिकामे होते. रेडफिशमध्ये रिकाम्या स्लॉटचीही नोंद येऊ शकते: स्टेट ‘अ‍ॅब्सेंट’ (जागेवर नाही) आणि हेल्थ ‘नल’ (काही मूल्यच नाही). एजंटने ते ‘नल’ पाहिलं आणि आठ मॉड्यूल प्रतिसाद देत नाहीत, बहुधा निकामी आहेत, बदलून घ्या, असा व्यवस्थित अहवाल दिला. भाषा इतकी ठाम होती की सहकाऱ्याने सुट्या भागांची मागणी नोंदवायला घेतली. मी कॅबिनेट उघडून पाहिलं तर स्लॉटमध्ये काहीच नव्हतं.

मग ‘अ‍ॅब्सेंट’ म्हणजे रिकामा स्लॉट, बिघाड नव्हे, हा नियम मी सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांत, घातला. काही दिवस सगळं ठीक चाललं. पुढे दुसऱ्या टीमने तीच टूल त्यांच्या एजंटला जोडली, त्यांच्याकडे माझा प्रॉम्प्ट नव्हता, आणि तोच अहवाल पुन्हा आला. हा त्रास माझ्यासाठी निर्णायक ठरला. वर्णन टूलबरोबर जातं, प्रॉम्प्ट मागे राहतो.

आता त्या टूलवर असं लिहिलंय: ‘बीएमसीने नोंदवलेली प्रत्येक मेमरी स्लॉटची स्थिती देते. स्टेट अ‍ॅब्सेंट असेल तर स्लॉट रिकामा आहे. तिथे हेल्थ नल येणं हा बिघाड नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिमला किती मेमरी दिसते ते इथे कळत नाही. सर्व्हर बंद असेल तर ही माहिती मागच्या बूटच्या वेळची असू शकते.’ पाचच वाक्यं, पण त्यातली तीन टूल काय सांगत नाही याबद्दल आहेत. त्यानंतर तो घोटाळा निदान माझ्यासमोर तरी झालेला नाही. मोजमाप केलेलं नाही, अनुभव सांगतोय.

पंख्यांच्या टूलचीही हीच गत. सर्व्हर बंद असला तरी बीएमसी स्टँडबाय विजेवर जागा असतो आणि उत्तर देतो, पण बऱ्याच सेन्सरना तेव्हा आकडा नसतो. हे वर्णनात नसेल तर एजंटला पंखे मेलेले वाटतात. वेग आरपीएममध्ये आहे की टक्क्यांत, हेही लिहावं. रेडफिश दोन्ही चालवून घेतं. इव्हेंट लॉगवरची वेळ बीएमसीच्या स्वतःच्या घड्याळाची असते, ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगशी जुळवताना चूक होऊ शकते, म्हणून तेही एक वाक्य.

कोणी म्हणेल, कोडमध्येच ‘नल’च्या जागी ‘रिकामा’ पाठवा ना. कोड आपल्या हातात असेल तर जरूर करा, मीही जमेल तिथे केलंय. पण एकाच गोष्टीबद्दल दोन टूल असतील, एक बीएमसीला विचारणारं आणि एक चालू ऑपरेटिंग सिस्टिमला, तर कुठलं बोलवायचं हे एजंटला उत्तर येण्याआधीच ठरवावं लागतं. तिथे वर्णनाशिवाय त्याच्या हाती काही नसतं.

लांब लिहिताना मीही वाहवत गेलो होतो. आत कुठली कॉल जाते, कुठल्या पिढीच्या मशीनवर तपासलं, सगळं कोंबलं होतं. एजंटला त्याचा उपयोग नव्हता; काढून टाकल्यावर काही बिघडलं नाही.

तेव्हा टूल चार-पाचच असतील, नावं एकमेकांपासून स्पष्ट वेगळी असतील आणि उत्तर हो-नाहीत येत असेल, तर एका ओळीवर भागेल. उगाच वाढवू नका. सेन्सर, मेमरी, डिस्क असं काही असेल, जिथे रिकामं उत्तरही अर्थ घेऊन येतं, तिथे मी तरी परिच्छेदच निवडेन. आणि जागा कमी पडली तर टूल काय देतं ते नावावर सोडून, काय देत नाही तेवढं आधी लिहीन.